बॅटरीच्या तोंडात अंगारा

आमच्या दवाखान्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही, अशी गर्दी मी दोनदाच पाहिली. एकदा फुकट चष्मे वाटले तेव्हा, आणि एकदा चैतन्यबाबानं मेलेली बॅटरी जिवंत केली तेव्हा. दुसऱ्या वेळी माणसं जास्त होती, कारण चष्म्यासाठी निदान डोळे तपासून घ्यावे लागतात.

मी सत्यवती, नागपुरातल्या इतवारीजवळच्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. साल चौऱ्याहत्तर, महिना मार्चचा. खेड्यापाड्यांतल्या रुग्णांना आणायला दवाखान्याची एक जुनी व्हॅन होती, आणि तिनं आठवडाभरापासून मान टाकली होती. ड्रायव्हर केशव किल्ली फिरवायचा, आतून टक् असा आवाज यायचा, की पुन्हा शांत. मग मोतीबिंदूचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मिळून व्हॅनला धक्का मारायचे. ज्यांना समोरचं दिसत नाही त्यांनीच आमची गाडी पुढे ढकलायची, असा सगळा कारभार चालला होता.

तेव्हा भैय्याजींनी बाबाला आणलं. भैय्याजी हे दवाखान्याचे मुख्य विश्वस्त. स्वतःच्या मालट्रका होत्या, मन मोठं होतं, हात सढळ होता. फक्त डोक्याच्या जागी त्यांनी आणखी एक मन ठेवलेलं होतं. मौद्याकडच्या रस्त्यावर त्यांची एक ट्रक बंद पडली असता या बाबानं ती मंत्रानं सुरू केली म्हणे, तेव्हापासून बाबा त्यांच्या घरातच उतरलेला होता.

बाबानं व्हॅनचं बॉनेट उघडायला लावलं आणि बॅटरीकडे असं पाहिलं, जणू अंगात आलेली एखादी सून समोर घुमते आहे.

"ये मरी नही है, बेटा," तो म्हणाला, "इसको किसीने बांध के रख्खा है."

बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी साचली होती. बाबानं त्रिशूळाचं टोक तिला लावून सांगितलं की हा बाधेचा थुंका आहे, आणि जोवर हा इथं आहे तोवर गाडीचा प्राण आतल्या आत घुसमटतो. मग झोळीतून मूठभर करडा अंगारा काढून त्या बुरशीवर टाकला आणि कमंडलूतलं तीर्थ ओतलं. लगेच फस्स करून फेस उसळला. बायका मागं सरकल्या. बाबानं हात कानाशी नेऊन सांगितलं, सुनो, रो रही है. खरंच काहीतरी फसफसत होतं, आणि रडणं म्हणजे कसं असतं ते ठाऊक असूनही अर्ध्या अंगणाला ते रडणंच वाटलं.

फेस ओसरल्यावर बाबानं भगव्या फडक्यानं ती टोकं लख्ख पुसली, देवाचं नाव घेतलं आणि झोळीतून एक पाना काढून दोन्ही नट करकचून आवळले. त्रिशूळ, कमंडलू आणि पाना बाळगणारा संन्यासी मी तोवर पाहिला नव्हता. केशवनं किल्ली फिरवली. व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि अंगणभर जयजयकार झाला.

मी केशवला बाजूला घेऊन पान्याचं विचारलं. तो चिडला. "पाना तं माह्याजवळही आहे, सिस्टर. माह्या पान्यानं झाली का सुरू?"

"तू नट आवळले होते का?"

तो व्हॅनची काच पुसायला लागला. आवळले नव्हते. पण आता त्याला ते आठवायचं नव्हतं, कारण आवळायचं राहिलं म्हणण्यापेक्षा भूत लागलं होतं म्हणणं ड्रायव्हरच्या अब्रूला सोयीचं असतं. छप्पन्न साली माझ्या बापानं नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातून अंगारे-धुपारे कायमचे गेले, म्हणून मला हे लवकर दिसलं असेल. पण मी काही जास्त हुशार होते असं नाही. मी पान्याकडे पाहत होते आणि बाकीचे बाबाच्या तोंडाकडे.

इथवर झालं ते हसण्यावारी गेलं असतं. पण आमच्या दवाखान्यात आणखीही बॅटऱ्या होत्या.

त्या साली वीज कधीही जायची. थिएटरच्या खिडक्यांच्या काचा काळ्या रंगवलेल्या, त्यामुळे वीज गेली की भर दुपारी आत काळोख. त्यासाठी टेबलावर एक वेगळा दिवा होता. वीज जाताच तो आपोआप लागायचा, आणि तो चालायचा जिन्याखालच्या खोलीतल्या बॅटऱ्यांवर. एरवी त्या विजेवर भरत राहायच्या. आणि त्याच महिन्याअखेर भैय्याजींच्या आईचं, पार्वतीबाईंचं ऑपरेशन ठरलं होतं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. आधी उजवा काढायचा, मग डावा.

पार्वतीबाई नरखेड तालुक्यातल्या. नवरा गेल्यावर संत्र्याची बाग त्यांनी एकटीनं राखली होती, मुलाच्या ट्रका त्याच बागेतून निघाल्या होत्या. दाखल झाल्या तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "फळावरचा डाग दिसत नाही वं मले. ठेकेदार चांगला माल डागी म्हणून नेते. डोळा आला का पहिले बगीच्यात जाईन." त्यांना नातवंडांची तोंडं पाहायची नव्हती असं नाही. पण ती हातांनी चाचपता येतात, डाग चाचपता येत नाही.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी दिवा विझू नये, एवढीच भैय्याजींची इच्छा होती. वाईट इच्छा नव्हती. एका रविवारी डॉक्टर वामनराव आणि मी उमरेडच्या शिबिराला गेलो असताना त्यांनी बाबाला जिन्याखालच्या खोलीत नेलं. हे मला नंतर केशवनं सांगितलं, खाली मान घालून. बॅटऱ्यांची टोकं स्वच्छ होती, बुरशी कुठंच नव्हती. बाबाला लावायला काही जागाच उरली नाही. तेव्हा भैय्याजींना आपल्याकडची रीत आठवली. अंगारा नुसता कपाळाला लावत नाहीत, चिमूटभर जिभेवरही ठेवतात. बाहेरून लावल्यावर गाडी पळाली, तर पोटात गेल्यावर किती गुण येईल, असं त्यांनी विचारलं. बाबा क्षणभर थांबला. मग त्यानं डोळे मिटून मान डोलावली. भक्ताला नाही म्हणणारा बाबा अजून जन्माला यायचाय.

भैय्याजींनी आपल्या हातांनी बॅटऱ्यांची बुचं उघडली आणि प्रत्येक तोंडात मूठमूठ अंगारा घातला. आतून फेस वर आला, काठावरून वाहिला, फरशीवर पसरला. जहर उतर रहा है, बाबा म्हणाला. जेवढं उतरलं तेवढं तीर्थ वरून भरलं. त्यानंतर दर गुरुवारी भैय्याजी न चुकता येत, खोली उघडत, घास भरवत. खोलीची किल्ली त्यांच्याच ऑफिसात असे, आणि आम्हाला वाटे, विश्वस्त जातीनं देखभाल करतात.

सकाळी वॉर्डबॉय बटण दाबून पाहायचा. दिवा लागायचा. तो बंद करायचा आणि ठीक आहे म्हणून सांगायचा. रोज लागणारा दिवा लागतच राहील, असं आम्हीही समजत होतो.

ऑपरेशनच्या दुपारी पार्वतीबाई टेबलावर जाग्या होत्या. डोळा बधिर केला होता, तोंड नव्हतं, त्यामुळे त्या हळूहळू बागेबद्दल बोलत होत्या. डॉक्टरांनी बुबुळाच्या कडेनं छेद घेतला आणि पिकलेला मोतीबिंदू अर्धा बाहेर आला होता, तेव्हा वीज गेली. बॅटरीवरचा दिवा आपसूक लागला. डॉक्टरांनी मानही वर केली नाही. जरा वेळानं मला उजेड पिवळा वाटला. मग तांबूस झाला. मग दिव्यातली तार तेवढी लाल दिसली, आणि तीही गेली.

"काहून गा, डाक्टरसाहेब, अंधार काहून केला?" पार्वतीबाई म्हणाल्या. त्या डोळ्यानंही तिला उजेड-अंधार कळत होता. त्या डोळ्याला कळलेलं ते शेवटचं.

डॉक्टर म्हणाले, माय, हलू नका, खोकू नका. मी टॉर्चसाठी धावले. अंधारात कुठलातरी ट्रे पडला, ती दचकली, तिनं श्वास कोंडला. मी टॉर्च घेऊन आले तेव्हा उघड्या डोळ्यातला काचेसारखा द्रव गालावर आलेला होता. डॉक्टरांनी टॉर्चच्या उजेडात टाके घातले. टॉर्च शेवटपर्यंत नीट चालला. त्याच्यात सेल मी घातले होते, कोणालाही न विचारता.

पट्टी सोडली तेव्हा उजव्या डोळ्यात काहीही नव्हतं. मेणबत्ती धरली तरी नाही.

तुम्हाला वाटेल, आता बाबाचा धंदा बसला. उलट. बाबानं जाहीर केलं की बाधा जीवच घेणार होती, त्याच्या अंगाऱ्यामुळे डोळ्यावर निभावलं. भैय्याजी रडत रडत त्याच्या पाया पडले. उरलेल्या डोळ्याला सुरी लावायची नाही, येत्या गुरुवारी दवाखान्याच्या अंगणात उतारा करायचा आणि डाव्या डोळ्यात बाबाचं तीर्थ घालायचं, असं ठरलं. डॉक्टर वामनराव विश्वस्तांपुढे ओरडले, राजीनाम्याची भाषा केली, पण ज्याच्या हातून डोळा गेला त्या डॉक्टरचं ऐकतो कोण. तीर्थ म्हणजे कुठल्या नळाचं पाणी ते त्या बाबालाच ठाऊक. ते पिकलेल्या डोळ्यात गेलं असतं तर म्हातारी दोन्हीकडून आंधळी झाली असती, आणि तेही निभावलंच म्हटलं गेलं असतं.

डॉक्टरांची धाकटी बहीण चारुशीला मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिला त्यांनी बॅटऱ्या पाहायला बोलावलं. ती शाळेतून एक काचेची नळी घेऊन आली. नळीला वर रबरी फुगा, आत पाण्यावर तरंगणारी एक काचेची कांडी, तिला ती तरंग म्हणायची. बॅटरीतलं पाणी नळीत ओढायचं. आत आम्ल पुरेसं असेल तर तरंग वर राहतो, नसेल तर बुडतो. तिनं आधी व्हॅनच्या बॅटरीतलं पाणी ओढलं, तरंग वर आला. मग जिन्याखालच्या बॅटरीतलं ओढलं, तो तळाला जाऊन बसला. सगळ्या बॅटऱ्यांची हीच गत.

"पण रोज सकाळी दिवा लागायचा," मी म्हणाले.

"मरायला टेकलेल्या बॅटरीला विश्रांती दिली की ती क्षणभर दिवा लावते," ती म्हणाली. "तिला काम देऊन पाहायचं असतं. बराच वेळ दिवा चालू ठेवायचा, मग कळतं."

तिला बुचांच्या कडेला करडी पूड सापडली. खिडकीत अंगाऱ्याची पुडीही होती. माझ्या डब्यातल्या संत्र्याची फोड तिनं त्या पुडीवर पिळली, आणि खिडकीतली बाधा रडायला लागली. ती हसली. मग तिच्या लक्षात आलं आपण कशाला हसतो आहोत, आणि ती खाली बसली. बंद खोलीत सांगून भैय्याजींना पटणार नाही, हे दोघींनाही कळत होतं. गुरुवारीच सांगायचं ठरलं.

गुरुवारी अंगण पुन्हा बरंचसं भरलं. पार्वतीबाईंना व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं होतं, उजव्या डोळ्यावर हिरवं फडकं. बाबाच्या समोर तीर्थाचा तांब्या, आणि प्रत्येकाच्या हातात अंगाऱ्याची पुडी. नेत्ररुग्णालयात भेटायला येणारा नागपूरकर संत्री आणल्याशिवाय येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत तीही होती. मोसम संपत आलेला, फळं आंबट निघत होती.

चारुशीला पुढे गेली, हात जोडले आणि एक संत्रं पुढे धरलं. या फळाला काही बाधा आहे का पाहता का, असं तिनं अगदी मऊपणे विचारलं.

बाबा हसला. "फल में कैसी बाधा, बेटी? फल तो परमात्मा का होता है."

तिनं संत्रं आडवं कापलं आणि त्यावर बाबाचाच अंगारा टाकला. फस्स झालं. फेस तिच्या बोटांवरून ओघळला.

"मग हे कोण रडतंय, बाबा?"

पहिल्यांदा कोणी हललं नाही. मग केशवनं आपल्या पिशवीतलं संत्रं सोललं आणि पुडीवर पिळलं. मग त्याच्या शेजारच्या बाईनं. बघता बघता सगळं अंगण फसफसू लागलं. इतक्या भुतांना नागपुरात राहायला जागा कुठून मिळाली असती. चारुशीलानं सांगितलं की हा राखेत मिसळलेला खायचा सोडा आहे, आपण भज्यात घालतो तोच. आंबट लागलं की फसफसतो. बॅटरीच्या टोकावर आम्लाची बुरशी चढते, त्यामुळे वीज पुढे जात नाही. सोड्याच्या पाण्यानं ती निघते, नट आवळले की गाडी सुरू होते. कोणत्याही बॅटरीच्या दुकानात हे काम मंत्राशिवाय करतात. पण बॅटरीच्या पोटातलं आम्ल हाच तिचा जीव. सोडा पोटात गेला की तो त्या आम्लालाच खातो. मग तिनं नळीत दोन्ही बॅटऱ्यांचं पाणी ओढून दाखवलं. एक तरंगला, एक बुडाला. हे लहान मुलांनाही दिसलं.

एका म्हाताऱ्यानं बाबाच्या दिशेनं साल भिरकावली. मग सगळ्यांनीच. सकाळी ज्यांनी त्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं, त्यांचा नेम सर्वांत चांगला होता.

तेवढ्यात व्हरांड्यातून पार्वतीबाईंचा आवाज आला. मोठा नव्हता, पण साली थांबल्या.

"ते बॅटरीच्या तोंडात कोनं घातलं?"

बाबा घाईनं म्हणाला, "मैने नही डाला, माताजी. मैने तो हाथ भी नही लगाया." आयुष्यात तो एकदाच खरं बोलला असेल, आणि ते स्वतःला वाचवायला.

मी भैय्याजींकडे पाहिलं. त्यांच्या मुठीत अजून अंगाऱ्याची पुडी होती आणि ती घामानं भिजली होती. कोणी त्यांना वाचवलं नाही. मीही नाही, आणि मला त्यांची दया येत होती असं मी म्हणणार नाही.

"म्या घातलं, माय," ते म्हणाले.

पार्वतीबाईंनी मान आवाजाकडे वळवली. मग म्हणाल्या, "मले इचारलं असतं तं सांगतलं असतं, सोडा कशात टाकतात ते. भज्यात जास्त झाला तं घाणा फेकून देता येते गा. डोळा कुठं फेकू?"

साली अंगावर घेतच बाबा बस स्टँडकडे निघून गेला. पोलिसांत तक्रार झाली नाही, कारण तक्रारीत बुचं कोणी उघडली तेही सांगावं लागलं असतं. पुढं तो छिंदवाड्याकडे विहिरींच्या मोटारी सुरू करतो असं ऐकलं. ते खरंही असेल. पाना त्याच्याजवळ होताच.

दवाखान्यात नव्या बॅटऱ्या आल्या. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला पार्वतीबाई तयार झाल्या, पण एका अटीवर. त्यांचा डोळा उघडा आहे तोवर भैय्यानं जिन्याखालच्या खोलीत नळी हातात धरून उभं राहायचं, आणि त्या विचारतील तेव्हा ओरडून सांगायचं. डॉक्टरांनी समजावलं की आम्ही आदल्या दिवशी दिवा तासभर चालवून पाहिला आहे, उभं राहायची काही गरज नाही. त्या म्हणाल्या, गरज तुमाले नसन, मले आहे.

तसंच झालं. थिएटरचं दार उघडं ठेवलं. डॉक्टरांच्या हातात मोतीबिंदू, टेबलावर आई, जिन्याखाली मुलगा.

"तरंगून राहिलं का गा?" ती मधूनमधून विचारायची.

"तरंगून राहिलं, माय," खालून आवाज यायचा. दर वेळी तो आवाज आणखी फाटलेला असायचा.

त्या दुपारी वीज गेलीच नाही. बॅटऱ्यांची गरज पडली नाही. तरी तिनं विचारणं थांबवलं नाही, आणि आमच्यापैकी कोणी तिला थांबवलं नाही. डोळा चांगला झाला. जाड भिंगाचा चष्मा लावल्यावर तिनं आधी मुलाकडे पाहिलं, बराच वेळ. "तू लयच म्हातारा दिसून राहिला," एवढंच म्हणाली, आणि बगीच्याला जायची गाडी मागितली. पुढच्या मोसमात ठेकेदाराला एकही चांगलं फळ डागी म्हणून नेता आलं नाही, असं केशव सांगायचा. तिचा एकच डोळा होता, पण तो ती रोज वापरत होती.

बाबाला सगळे शिव्या देतात. मलाही द्याव्याशा वाटतात. पण बाबाकडे नुसता सोडा होता. तो बॅटरीच्या तोंडात घालायला आईवर जीव असलेला एक मुलगा लागला, ज्यानं कोणाला काही विचारलं नाही. प्रेमानं केलेल्या मूर्खपणाला डोळा सूट देत नाही. तेव्हा तुमच्यासमोर काही फसफसलं, पेटलं, रडलं, तर हात जरूर जोडा, पण त्याआधी घरी जाऊन एक आंबट संत्रं पिळून पाहा.